माती सोपाऱ्याची, तांबे दूरदेशीचे

सोपाऱ्याच्या जमिनीत तांबे नाही. हे सुरुवातीलाच सांगितलेले बरे, कारण तांब्याच्या वाटेने एका गावाचा आरंभीचा इतिहास सांगणारे पुस्तक हाती आल्यावर वाचक आधी खाण शोधणार. वसई-विरारमधल्या कुठल्याही डोंगरावर जा. तुंगारेश्वराला जा, नाहीतर जीवदानीच्या पायऱ्या चढा. पायाखाली तोच काळा फत्तर लागतो, सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी लाव्हारसाचे थरावर थर साचून झालेला. डोंगर उतरलात की भातखाचरे, वाड्या, खाजणे, मिठागरे आणि पलीकडे समुद्र. या मुलखाने मीठ दिले, मासळी दिली, केळी आणि विड्याची पाने दिली, बांधकामाला दगड दिला. तांबे कधी दिले नाही.

आणि तरीही या गावाबद्दल जे पक्के ठाऊक आहे, त्यातले कितीतरी तांब्यानेच राखून ठेवले आहे. स्तूपाच्या पोटात सापडलेला करंडक तांब्याचा. त्याच्याभोवती मांडलेल्या बुद्धमूर्ती कांस्याच्या, म्हणजे तांबे आणि कथिलाच्या. शूर्पारक हे नाव ज्या शिलाहार राजपत्रात येते, ते तांब्याच्या पत्र्यावर कोरलेले. लाकडी वखारी कुजल्या, कापडाची गाठोडी विरली, खाडी गाळाने भरली, जहाजांची नावेसुद्धा उरली नाहीत. तांबे राहिले. हाच धागा धरून हे पुस्तक लिहिले आहे.

खाणीवर वसलेली गावे कशी असतात, हे समोर ठेवले की सोपाऱ्याचे वेगळेपण नीट कळते. अमेरिकेच्या मिशिगन राज्यात सुपिरियर सरोवरात घुसलेले किविनॉ नावाचे द्वीपकल्प आहे. तिथला खडकही लाव्हारसाचाच, पण आपल्याहून कितीतरी म्हातारा, शंभर कोटी वर्षांपलीकडचा. त्या खडकाच्या भेगांत आणि पोकळ्यांत शुद्ध तांबे धातूरूपातच भरलेले होते. तिथले मूळ लोक हजारो वर्षे ते काढून, ठोकून हत्यारे आणि दागिने घडवत आले होते. १८४१ साली डग्लस हॉटन या भूवैज्ञानिकाने त्या तांब्याबद्दल अहवाल लिहिला, १८४२ मध्ये ओजिब्वे लोकांकडून करार करून ती जमीन घेतली गेली आणि पुढल्याच वर्षापासून माणसांची रीघ लागली. जंगलात, बर्फात, सरकारच्या हुकमतीच्या शेवटच्या टोकाला वस्त्या उभ्या राहिल्या. विसाव्या शतकात खाणी बंद पडल्या आणि त्यांतल्या कितीतरी वस्त्या ओस पडल्या. लाव्हारसाचाच खडक इथे आणि लाव्हारसाचाच तिथे. तिथे खडकाने गाव वसवले, इथे पाण्याने. किविनॉची माणसे धातूपाशी गेली. सोपाऱ्यात धातू माणसांपाशी आला, समुद्रावरून आणि घाटावरून.

दोन्ही गावांत एक गोष्ट मात्र सारखी. दोन्ही सरहद्दीची. आपल्या किनाऱ्याचे जुने नावच ‘अपरान्त’, म्हणजे पश्चिमेचा शेवट. ‘अपर’ म्हणजे पश्चिम आणि ‘अन्त’ म्हणजे कड. नावात ‘कड’ आहे ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. आपल्या लेखी आपले गाव जगाच्या मध्यावर असते. पाटलीपुत्राहून, विदिशेहून, पैठणहून बघणाऱ्याला मात्र ही जमिनीची शेवटची पट्टी होती. महाभारताच्या शांतिपर्वात परशुरामासाठी समुद्राने शूर्पारक देश निर्माण करून दिला अशी कथा येते, आणि तिथेही त्या भूमीला अपरान्तच म्हटले आहे. समुद्राने मागे सरून दिलेली जमीन! खाजणात बांध घालून शेत काढणाऱ्या आपल्या पूर्वजांना ही कथा पुराणातली वाटली नसेल, रोजच्या कामातली वाटली असेल.

अशोकाला हा शब्द चांगला माहीत होता. त्याच्या पाचव्या शिलालेखात यवन, कंबोज, गांधार यांच्या जोडीने पश्चिमेच्या कडेला राहणाऱ्या लोकांचा उल्लेख ‘अपरान्त’ असाच आहे. त्याचे चौदा शिलालेख जिथे जिथे कोरले गेले त्या जागा नकाशावर मांडून पाहा: वायव्येला शाहबाजगढी आणि मानसेहरा, हिमालयाच्या पायथ्याशी कालसी, सौराष्ट्रात गिरनार, कलिंगात धौली आणि जौगड, दक्षिणेत एर्रागुडी. साम्राज्याच्या कडेकडेने हात फिरवावा तशी ही रांग आहे. त्या रांगेत आपला सोपारा. १८८२ मध्ये इथल्या भातेला तलावाजवळ आठव्या लेखाचा तुकडा मिळाला. १९५६ साली शेजारच्या भुईगावात नवव्या लेखाचा तुकडा सापडला. महाराष्ट्रात या मालिकेतले लेख सापडले ते फक्त इथे.

कर्नाटकात मस्कीच्या परिसरात अशोकाचे लेख आणि जुन्या सोन्याच्या खाणी जवळजवळ आहेत, आणि सम्राटाचा शब्द धातूच्या मागोमाग तिथे पोहोचला असावा असे काही पुरातत्त्वज्ञांनी मांडले आहे. सोपाऱ्यात खाण नव्हती. सम्राटाचा शब्द इथे बंदरासाठी आला. आठव्या लेखात राजा मृगया आणि मौजेच्या सफरी सोडून धर्मयात्रेला निघाल्याचे सांगतो. नवव्यात तो लग्नकार्यात, आजारपणात, प्रवासाला निघताना लोक जे मंगलविधी करतात त्यांच्याबद्दल बोलतो आणि म्हणतो की दासांशी, चाकरांशी नीट वागणे हाच खरा मंगलविधी. बंदरावर ओझी वाहणारी, वल्ही मारणारी माणसे ज्या गावात, त्याच गावात हा मजकूर दगडावर कोरला गेला. तो त्यांच्या कानांवर पडला असेल, कुणीतरी तो मोठ्याने वाचून दाखवला असेल, असे मला मनापासून वाटते.

आता तांब्याकडे येतो. इ.स. ७७ च्या सुमारास रोमन लेखक प्लिनी लिहून गेला की भारतात तांबेही नाही आणि शिसेही नाही. भारतीय लोक रत्ने आणि मोती देऊन ते घेतात. देशाच्या बाबतीत त्याचे म्हणणे चुकीचे आहे. राजस्थानात खेत्रीच्या पट्ट्यात आणि पूर्वेला सिंहभूममध्ये फार प्राचीन काळापासून तांबे निघत आले. आपल्याच महाराष्ट्रात, प्रवरेकाठच्या दायमाबादला १९७४ साली रथ, गेंडा, हत्ती आणि रेडा अशी चार शिल्पे सापडली. त्यांचे एकत्रित वजन ६० किलोहून जास्त आहे आणि ती जवळपास चार हजार वर्षांपूर्वीची मानली जातात. म्हणजे दख्खनला तांब्याची ओळख फार जुनी. पण प्लिनीची माहिती ज्या बंदरांवरून आली, त्या बंदरांपुरते पाहिले तर त्याला जे दिसले ते खोटे नव्हते. पश्चिम किनाऱ्यावर तांबे गलबतातून उतरताना दिसत होते.

त्याच शतकातला एक ग्रीक दर्यावर्दी, ज्याचे नाव कुणालाच ठाऊक नाही, तांबड्या समुद्रापासून भारतापर्यंतच्या बंदरांची टिपणे लिहून ठेवतो. पेरिप्लस या नावाने ती आपण ओळखतो. त्यात भडोचच्या खालच्या किनाऱ्यावर ‘सुप्पारा’ आणि ‘कल्लिएना’ ही दोन गावे ओळीने येतात: आपला सोपारा आणि कल्याण. कुठला माल उतरतो याची यादी त्याने भडोचची दिली आहे, सोपाऱ्याची नाही, आणि हे विसरून ती यादी सरळ सोपाऱ्याच्या नावावर लावणाऱ्यांशी मी सहमत नाही. पण शेजारच्या मोठ्या बंदराची ती यादी वाचण्यासारखी आहे. इटलीची दारू, पोवळी, कापड, आणि त्यांच्यात तांबे, कथील, शिसे. पुढे तोच लेखक सांगतो की भडोचहून इराणच्या आखाताकडे मोठी जहाजे जातात आणि त्यांत चंदन, सागवान, शिसवी यांच्याबरोबर तांबेही असते. येतानाही तांबे, जातानाही तांबे! अभ्यासक यावर बरेच अडले आहेत. मला यात अडण्यासारखे फारसे दिसत नाही. बंदराचे कामच ते: एका दिशेने आलेला माल दुसऱ्या दिशेला लावणे. शिवाय धातू जड. जहाजाच्या तळाशी तो असला की जहाज डुलत नाही, आणि उतरला की पैसा होतो. कथिलावाचून तर तसेही भागत नव्हते. कथील नाही तर कासे नाही, कासे नाही तर घंटा नाही, मूर्ती नाही.

शिशाचे काय झाले ते मात्र आपल्या हातात आहे. सातवाहनांनी शिशाची, तांब्याची आणि मिश्रधातूची नाणी पाडली. त्यांची शिशाची नाणी सोपाऱ्यातही मिळाली आहेत. बाजारहाटाचे, रोजच्या देवघेवीचे ते सुटे पैसे. चांदीची नाणी ही नंतरची आणि वेगळ्या मानाची गोष्ट, आणि त्यातल्याच एका नाण्यापाशी आपल्याला पुढे थोडे थांबायचे आहे.

पेरिप्लसमध्ये एक बारीकशी नोंद आहे. कल्याणच्या बंदरावर अडथळे घातले गेले आहेत, आणि चुकून एखादे ग्रीक जहाज तिथे शिरलेच तर त्याला पहाऱ्यात भडोचला नेतात. ही सरहद्द होती ती अशी. एका बाजूला क्षत्रप, दुसऱ्या बाजूला सातवाहन, आणि मधल्या पट्टीवर सोपारा, कल्याण. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात याचे लेख नाशिकच्या पांडवलेण्यांत आहेत. त्यांत त्याने भडोच, दशपूर, गोवर्धन आणि सोपारा इथे धर्मशाळा बांधल्याचे कोरले आहे. सोपाऱ्यातल्या रामतीर्थाचेही नाव तिथे येते, आणि दानात बत्तीस हजार नारळाची झाडे दिल्याची नोंद आहे. जावयाने धर्मशाळा बांधली म्हणजे गाव सासऱ्याच्या अमलाखाली होते. मग गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पाडाव केला. १९०६ साली नाशिकजवळ जोगळटेंभीला तेरा हजारांहून जास्त चांदीची नाणी सापडली. नहपानाची, आणि त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने स्वतःचा शिक्का पुन्हा मारलेला. गौतमीपुत्राच्या आईने, बलश्रीने, त्याच्या मुलखांची जी यादी नाशिकला कोरवून घेतली तिच्यात अपरान्त आहे. आणि इ.स. १५० मधल्या जुनागढच्या लेखात क्षत्रप रुद्रदामन स्वतःच्या मुलखांत तोच अपरान्त मोजतो. बापजाद्यांच्या शेतावर दोघांनी सातबारा लावावा तसे हे चालले होते.

मग शेवटी गाव कुणाचे झाले? याचे उत्तर मातीखालच्या एका डब्यात होते.

सोपाऱ्याच्या पश्चिमेला जुन्या वस्तीत एक मोठा मातीचा ढिगारा होता. लोक त्याला बुरुड राजाचा कोट म्हणत. बुरुड म्हणजे बांबूच्या टोपल्या, सुपे विणणारा. आणि शूर्पारक या नावातले ‘शूर्प’ म्हणजे आपले सूपच. संस्कृत नाव विद्वानांनी सांभाळले, त्याचा अर्थ गावाने राजाच्या गोष्टीत सांभाळला. या दोन्हींची गाठ पडली ती पंडित भगवानलाल इंद्रजी यांच्यामुळे. जुनागढला १८३९ मध्ये जन्मलेला हा माणूस. इंग्रजी शाळेत न गेलेला, गिरनारच्या शिळेवरची अक्षरे पाहत वाढलेला, पुढे मुंबईत डॉ. भाऊ दाजी लाड यांच्याजवळ काम करत लिपीशास्त्रात पारंगत झालेला. लायडन विद्यापीठाने त्याला मानद डॉक्टरेट दिली, आणि स्वतः जमवलेली नाणी तो मरताना ब्रिटिश म्युझियमला देऊन गेला. ठाणे जिल्ह्याच्या गॅझेटियरचे काम चालू होते तेव्हा त्याचे संपादक जेम्स कॅम्पबेल यांना जुन्या अवशेषांची माहिती पुरवणारे भगवानलालच.

१८८२ च्या एप्रिलमध्ये, ईस्टरच्या सुट्टीत, ढिगाऱ्याच्या मध्यावरून खणायला सुरुवात झाली. आत विटांचे काम होते, म्हणजे तो कोट नव्हताच, स्तूप होता. खाली उतरत गेल्यावर मधोमध दगडाचा एक गोल, दोन भागांचा पेटारा लागला. झाकण उचलले तेव्हा जे दिसले असेल त्याची मी अनेकदा कल्पना केली आहे. मध्यावर तांब्याचा करंडक. त्याच्याभोवती गोल रिंगण करून बसलेल्या आठ छोट्या बुद्धमूर्ती, साऱ्यांची तोंडे करंडकाकडे. विपश्यीपासून शाक्यमुनीपर्यंतचे सात बुद्ध आणि आठवा मैत्रेय, जो अजून यायचा आहे. प्रत्येकाच्या मागे त्याचा त्याचा बोधिवृक्ष, पानांवरून वेगळा ओळखू येणारा.

तांब्याचा करंडक उघडला. आत चांदीचा. चांदीच्या आत दगडाचा. दगडाच्या आत स्फटिकाचा. स्फटिकाच्या आत सोन्याचा. मधल्या फटींत सोन्याची बारीक फुले विखुरलेली. आणि सर्वांत आतल्या सोन्याच्या डबीत मातीच्या भांड्याचे तेरा छोटे तुकडे.

एवढ्या धातूंच्या पोटात शेवटी खापर! भगवानलालांनी म्हटले की हे तथागताच्या भिक्षापात्राचे तुकडे म्हणून इथे जपले गेले असावेत. ते खरोखरच त्या पात्राचे आहेत का, हा प्रश्न मला कुणी विचारला तर मी सांगेन की याचा पुरावा नाही आणि मिळणारही नाही. ज्यांनी ते पुरले त्यांची श्रद्धा मात्र पुराव्यासकट आपल्यासमोर आहे. कुंभाराच्या चाकावरून उतरलेल्या एका वाडग्याच्या कपच्यांना त्यांनी सोने, स्फटिक, दगड, चांदी आणि तांबे अशा पाच भिंती बांधल्या. सर्वांत बाहेर तांबे ठेवले, कारण मातीची ओल आधी त्यालाच सोसायची होती. ते त्याने सोसले.

आता ते नाणे. तांब्याच्या करंडकात चांदीचे एक नाणे होते, यज्ञश्री सातकर्णीचे. इ.स. च्या दुसऱ्या शतकाच्या शेवटी राज्य करणारा हा सातवाहन. नाण्याची घडण क्षत्रपांच्या चांदीच्या नाण्यांच्या धर्तीची, राजाच्या चेहऱ्यासकट. नाव मात्र सातवाहन राजाचे. ज्या पट्टीवरून पिढ्यान् पिढ्या हाणामारी झाली, तिच्यावर शत्रूच्या नाण्यासारखे नाणे पाडून चालवायचे, म्हणजे व्यापाऱ्यांना ते ओळखीचे वाटेल आणि नाव आपले राहील. स्तूपात ते कुणी ठेवले? राजाच्या माणसाने की एखाद्या सावकाराने, कोण जाणे. पण ठेवणाऱ्याच्या हातात त्या दिवशी सातवाहनांचे चलन होते. सरहद्दीच्या गावात हाच खरा निकाल.

यात आणखी एक गाठ आहे, आणि तिच्यावर या पुस्तकाचे एक पूर्ण प्रकरण आहे. आठ मूर्तींची शैली आठव्या-नवव्या शतकाची. म्हणजे यज्ञश्रीनंतर सुमारे सहाशे वर्षांनी कुणीतरी हा स्तूप उघडला, आतला ठेवा पाहिला, त्याला हात न लावता, सोने न काढता, भोवती नव्या मूर्ती मांडल्या आणि पुन्हा बंद केला. सातवाहन गेले होते, त्यांच्यामागून कितीतरी राजवंश गेले होते. गावाला मात्र आत काय आहे ते ठाऊक होते, किंवा उघडल्यावर ते काय आहे ते कळले. सोपाऱ्याच्या साऱ्या इतिहासात मला या अनाम माणसांबद्दल सर्वांत जास्त आदर वाटतो.

गाव श्रीमंत होते याची साक्ष गावाबाहेरही आहे. नाणेघाटात, जुन्नरकडे चढणाऱ्या त्या दगडी वाटेवर, सोपाऱ्याच्या गोविंददासाने पाण्याची पोढी दान दिल्याचा लेख आहे. ओझ्याचे बैल आणि तहानलेली माणसे घेऊन त्याने ती वाट किती वेळा तुडवली असेल, म्हणूनच त्याला पाण्याचे सुचले. कार्ल्याच्या चैत्यगृहात एक खांब सोपाऱ्याच्या सातिमित्र या भाणकाने, म्हणजे धर्मवचने म्हणणाऱ्या पाठकाने, दिला, आणि त्या खांबात अवशेष ठेवल्याचे त्याने स्पष्ट कोरवले आहे. घाटावरून खाली येणारा माल आणि खालून वर जाणारा धातू यांच्या वाटेवर सोपाऱ्याची माणसे अशी आपापली नावे ठेवून गेली. शहरे राजांनी वसवली असे आपण शाळेत लिहितो. माझ्या मते सोपारा गोविंददासासारख्यांनी चालता ठेवला.

नंतरची काही शतके मी इथे घाईने ओलांडतो, कारण पुस्तकात ती सविस्तर आहेत. अरब प्रवासी ‘सुबारा’ लिहीत राहिले. शिलाहारांच्या राज्यात गाव पुन्हा भरभराटीला आले. चक्रेश्वराच्या देवळातली ब्रह्मदेवाची मोठी मूर्ती त्या काळची खूण. खारेपाटणला सापडलेल्या अनंतदेवाच्या ताम्रपटात, शके १०१६ मधल्या, ठाणे, शूर्पारक आणि चेमूल म्हणजे चौल अशा बंदरांवर एका श्रेष्ठीच्या आणि त्याच्या भावाच्या जहाजांना जकात माफ केली आहे. हा पत्रा मला फार बोलका वाटतो. ‘ताम्रपट घेऊन कुणी जन्माला येत नाही’ असे आपण सहज म्हणतो, पण त्या दोघा भावांना खरोखरच ताम्रपट मिळाला होता. कागद भिजतो, भूर्जपत्र किडते, तोंडचा शब्द फिरवता येतो. म्हणून हक्क तांब्यावर कोरायचा. जकातनाक्यावर अधिकारी बदलला तरी पत्रा दाखवता आला पाहिजे. पुढे १३२१ च्या सुमारास जोर्दानस हा पाद्री ठाण्याहून सोपाऱ्याला आला. तोवर खाडी उथळ होऊ लागली असावी आणि जहाजे मोठी होत होती. बंदराचा मान आधी ठाण्या-चौलकडे आणि मग वसईकडे सरकला.

वसईचे नाव निघाले की आपल्याकडे इतिहास १७३९ च्या मे महिन्यात सुरू होतो. चिमाजी अप्पांच्या विजयाचा मलाही अभिमान आहे. पण त्या विजयातही तांबे आहे, हे सहसा कुणी सांगत नाही. पोर्तुगीजांच्या चर्चमधल्या मोठ्या घंटा मराठ्यांनी नेल्या आणि त्या महाराष्ट्रभरच्या देवळांत बांधल्या. भीमाशंकरला आहे, वाईजवळ मेणवलीला आहे, नाशिकच्या नारोशंकर मंदिरात आहे. घंटेचे कासे म्हणजे साधारण चार भाग तांबे आणि एक भाग कथील. भडोचच्या बंदरावर जे दोन धातू शेजारी शेजारी उतरत होते, तेच दोन एकजीव होऊन आज त्या देवळांत घुमतात.

मी लहान असताना आमच्या घरी अंघोळीच्या पाण्याचे तांब्याचे घंगाळ होते. पावसाळ्यात खाऱ्या हवेने त्याच्यावर हिरवट थर चढायचा आणि आजी चिंचेच्या कोळाने ते घासायची. दोन हात मारले की खालून लाल तांबे उघडे पडायचे, जणू काही झालेच नव्हते. सोपाऱ्याचा विचार करताना ते घंगाळ माझ्या डोळ्यांसमोर येते. हिरवा थर म्हणजे तांबे संपले असे नव्हे. वरच्या थराने आतले राखलेले असते. सोपाऱ्यावरचा थर आज विटा, सिमेंट आणि पत्र्यांचा आहे, एवढाच फरक.

या पुस्तकाच्या मर्यादेबद्दल दोन शब्द. १८८२ नंतर १९३९-४० मध्ये पुरातत्त्व खात्याने स्तूपाच्या परिसरात पुन्हा काम केले, १९९३ मध्येही उत्खनन झाले. पण जे खणले गेले ते प्रामुख्याने देवाधर्माचे. घरे, गल्ल्या, धक्का, तांबटाची भट्टी, वखार हे सगळे आजच्या घरांखाली आहे. लोकलमधून उतरून घराकडे जाणारे लाखो लोक रोज त्याच्यावरून चालतात. त्यामुळे या पुस्तकात राजे आणि भिक्षू भेटतील, गोविंददासासारखा एखादा व्यापारी भेटेल. पण त्याच्या घरातली चूल भेटणार नाही. ती भेटायची तर मदत वाचकांनीच केली पाहिजे.

म्हणून शेवटी हात जोडून एक मागणे आहे. सोपारा, गास, भुईगाव, निर्मळ, बोळींज, आगाशी या पट्ट्यात ज्यांच्या वाड्या आहेत, बावखले आहेत, त्यांनी ती बुजवण्याआधी एकदा विचार करावा. बावखल म्हणजे वाडीतले पाण्याचे तळे. त्यातला गाळ उपसावा लागतो, आणि त्या गाळातूनच मणी, नाणे, मूर्तीचा तुकडा, जुन्या मापाची वीट वर येते. पाया खणताना असे काही लागले तर ते भंगारवाल्याला देऊ नका, देवघरात नेऊन शेंदूर लावू नका. १८७८ पासून लागू असलेल्या निधी अधिनियमाप्रमाणे दहा रुपयांहून जास्त किमतीची पुरलेली वस्तू सापडली तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. कळवताना जागा सांगा, खोली सांगा, जमल्यास वस्तू तिथेच असताना फोटो काढा. जागेशिवाय वस्तू अर्धी मुकी होते. आणि एखाद्या रविवारी मुलांना घेऊन नालासोपारा पश्चिमेला स्तूपावर जा. तिथला करंडक, मूर्ती, सुवर्णफुले आणि ते तेरा तुकडे मुंबईच्या एशियाटिक सोसायटीकडे आहेत, भुईगावचा शिलालेख छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहे. स्तूप मात्र जिथे होता तिथेच आहे.